समोच्चरेषेला काटकोनात: ग्रेडियंट नेमका कुठे बोट दाखवतो?

पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर सलग समतल चर खोदतात. खोदण्याआधी आखणी करावी लागते आणि ती बऱ्याच गावांत हायड्रोमार्करने होते: सारख्या खुणा केलेल्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना बांधलेली, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक जण पट्टी धरून जागेवर उभा राहतो. दुसरा उतारावर थोडा वर, थोडा खाली सरकत राहतो. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच खुणेला आलं की तिथे फक्की टाकायची आणि पुढच्या बिंदूकडे जायचं. फक्कीचे ठिपके जोडले की डोंगराच्या अंगावर एक वळणावळणाची रेघ उमटते. या रेघेवरचा प्रत्येक बिंदू सारख्याच उंचीवर असतो.

आखणी बरोबर असेल तर वरून येणारं पावसाचं पाणी चराला काटकोनात येऊन मिळतं. चरात उतरल्यावर त्याला डावीकडे किंवा उजवीकडे जायला काही कारणच उरत नाही. ते साठतं आणि मुरतं. आखणी चुकली, चर एका बाजूला थोडा जरी उतरता झाला, तरी पाणी चरातूनच धावायला लागतं, खालच्या टोकाला गोळा होतं आणि मातीचा भराव फोडून निघून जातं.

चर आडवा आणि पाण्याची वाट त्याला काटकोनात. अनेक चलांच्या कलनशास्त्रात 'ग्रेडियंट हा लेव्हल कर्व्हला लंब असतो' असं एक विधान असतं. (ग्रेडियंट म्हणजे सर्वांत तीव्र चढाकडे रोखलेला बाण, लेव्हल कर्व्ह म्हणजे सारख्या उंचीची रेषा.) अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ते पाठ करावंच लागतं. त्यात सांगितलेली गोष्ट हीच आहे. माझं ठाम मत आहे की हा विषय सूत्रापासून शिकवायला सुरुवात करू नये, नकाशापासून करावी. सूत्र नंतर आपोआप पटतं.

उंची हे दोन आकड्यांचं फंक्शन

डोंगरावरची जागा नेमकी सांगायला दोन आकडे पुरतात: एखाद्या ठरवलेल्या बिंदूपासून पूर्वेला किती आणि उत्तरेला किती. पहिल्याला क्ष म्हणू, दुसऱ्याला य. हे दोन आकडे दिले की त्या जागेची उंची ठरते, म्हणून उंची हे क्ष आणि य यांचं फंक्शन झालं. आपण ते उ(क्ष, य) असं लिहू.

आता असे सगळे बिंदू शोधा जिथे उ ची किंमत ९०० आहे. ते बिंदू मिळून नकाशावर एक रेषा होते. ९२० साठी दुसरी, ९४० साठी तिसरी. गणितात यांना लेव्हल कर्व्ह म्हणतात, भूगोलात समोच्चरेषा. उंचीच्या जागी तापमान घेतलं तर समतापरेषा मिळतात, हवेचा दाब घेतला तर समभाररेषा. कल्पना एकच आहे.

ही कल्पना किती ताकदीची आहे ते १७७४ मधल्या एका प्रयोगात दिसलं. ब्रिटनचे शाही खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगराच्या दोन बाजूंना ओळंबा टांगून, डोंगराच्या आकर्षणामुळे तो किती कलतो हे मोजलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची होती. पण त्यासाठी आधी डोंगराचा आकार कळायला हवा होता, आणि हातात होती ती उंचीच्या मोजमापांची नुसती रास. हिशेबाचं काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आलं. नकाशाभर विखुरलेल्या आकड्यांमधून सारख्या उंचीचे बिंदू त्याने रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार डोळ्यांसमोर उभा राहिला. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट, असं त्याचं उत्तर आलं. आजचा आकडा साधारण साडेपाच पट आहे. अशा रेषा पाण्याची खोली दाखवायला युरोपात आधीपासून वापरात होत्या, पण आकड्यांच्या राशीतून आकार कसा वेचून काढायचा हे हटनच्या कामात फार स्पष्ट दिसतं.

रेषांमधलं अंतर काय सांगतं

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा सह्याद्रीचा नकाशा पाहिलात तर त्यावर तपकिरी रेषांचं जाळं दिसेल. लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड काढलेली असते. कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर.

दोन रेषा कागदावर एकमेकींपासून ४ मिलिमीटर लांब असतील तर २०० मीटर आडवं चालून २० मीटर चढ झाला. म्हणजे १० टक्के चढ, गप्पा मारत चढता येण्यासारखा. त्याच रेषा १ मिलिमीटरवर आल्या तर ५० मीटरला २० मीटर, म्हणजे ४० टक्के. अर्ध्या मिलिमीटरवर आल्या तर २५ मीटरला २०, म्हणजे ८० टक्के, जवळजवळ ३९ अंशांचा उतार. इथे हात टेकल्याशिवाय भागत नाही.

रेषा जितक्या दाट तितका चढ तीव्र. उंचीतला फरक भागिले रेषांमधलं लंब अंतर, एवढाच हा हिशेब आहे आणि ग्रेडियंटची लांबी म्हणजे हीच संख्या. ग्रेडियंटचं अर्धं काम इथेच झालं. राहिली त्याची दिशा.

एक डोंगर, आकड्यांत

पूर्व-पश्चिम पसरलेली एक लांबट टेकडी घेऊ. माथा १००० मीटरवर आहे आणि तोच आपला आरंभबिंदू. क्ष आणि य शंभर-शंभर मीटरमध्ये मोजू, उंची मीटरमध्ये:

उ = १००० − ५क्ष² − २०य²

य चा गुणक मोठा आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण बाजू जास्त उतरती आणि पूर्व-पश्चिम बाजू सौम्य. समोच्चरेषा पूर्व-पश्चिम ताणलेल्या लंबवर्तुळांच्या होतील.

आपण उभे आहोत (४, १) या बिंदूवर: माथ्यापासून ४०० मीटर पूर्वेला आणि १०० मीटर उत्तरेला. इथली उंची १००० − ८० − २० = ९०० मीटर.

आता फक्त पूर्वेकडे सरकलो, उत्तर-दक्षिण हललोच नाही, तर उंची कोणत्या दराने बदलेल? य स्थिर धरून उ चं क्ष च्या सापेक्ष अवकलन करायचं, म्हणजे बदलाचा दर काढायचा: −१०क्ष, म्हणजे या बिंदूवर −४०. पूर्वेकडे गेलं तर दर १०० मीटरला ४० मीटर उतार. तसंच क्ष स्थिर धरून फक्त उत्तरेकडे: −४०य, म्हणजे इथे पुन्हा −४०. पाठ्यपुस्तकातले आंशिक अवकलज म्हणतात ते हेच दोन आकडे. दोन ठरलेल्या दिशांना किती चढ-उतार आहे, एवढंच ते सांगतात.

हे दोन आकडे एका सदिशाचे (लांबी आणि दिशा असलेल्या बाणाचे) दोन घटक म्हणून लिहिले की ग्रेडियंट तयार होतो; त्याची खूण ∇:

∇उ = (−४०, −४०)

म्हणजे पश्चिमेला ४०, दक्षिणेला ४०. बाण बरोबर नैर्ऋत्येकडे. त्याची लांबी ४०√२, सुमारे ५६.६. नैर्ऋत्येला पाऊल टाकलं तर दर १०० मीटरला साडेछप्पन मीटर चढ, आणि या बिंदूवरून याहून तीव्र चढ दुसऱ्या कुठल्याही दिशेला मिळणार नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक पुस्तकं इथून पळत पुढे जातात. फक्त पूर्व आणि उत्तर या दोन दिशांचे आकडे घेतले, ते शेजारी शेजारी लिहिले, आणि त्यातून सर्वांत तीव्र चढाची दिशा निघाली. हे घडलं कसं?

कारण असं. डोंगर गुळगुळीत असेल तर त्याचा अगदी छोटा तुकडा जवळजवळ सपाट, कललेल्या फळीसारखा असतो. अशा फळीवर पूर्वेकडे अ आणि उत्तरेकडे ब इतकं सरकलं तर उंचीतला बदल म्हणजे दोन बदलांची साधी बेरीज:

बदल = (−४०)अ + (−४०)ब

ही बेरीज म्हणजे ग्रेडियंट आणि आपलं पाऊल या दोन सदिशांचा अदिश गुणाकार. अदिश गुणाकाराचा दुसरा अर्थ आपल्याला अकरावी-बारावीपासून माहीत असतो: पहिल्याची लांबी गुणिले दुसऱ्याची लांबी गुणिले त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन. म्हणून कुठल्याही दिशेचा चढ असा काढता येतो:

चढ = ५६.६ × कोसाइन(त्या दिशेचा ग्रेडियंटशी कोन)

सगळं या एका ओळीत आहे. कोन शून्य असेल तर कोसाइन १, चढ सर्वाधिक. कोन १८० अंश असेल तर कोसाइन −१, तेवढाच तीव्र उतार. पाणी याच दिशेला ओघळायला लागतं. आणि कोन ९० अंश असेल तर कोसाइन शून्य: चढही नाही, उतारही नाही. चढ-उतार नसलेली दिशा म्हणजे समोच्चरेषेची दिशा. काटकोन येतो तो इथून.

पडताळून पाहू. ९०० मीटरची समोच्चरेषा म्हणजे ५क्ष² + २०य² = १००, म्हणजेच क्ष² + ४य² = २०. (४, १) टाकलं की १६ + ४ = २०, बिंदू रेषेवर आहे. तिथल्या स्पर्शिकेचा चढ येतो −क्ष/४य, म्हणजे −१. स्पर्शिका आग्नेयेकडून वायव्येकडे जाते आणि आपला बाण नैर्ऋत्येला आहे. बरोबर काटकोन.

सूत्राशिवायही हे दिसतं. त्या छोट्या कललेल्या तुकड्यावर समोच्चरेषा म्हणजे समांतर सरळ रेषा. एका रेषेवरून पुढच्या रेषेवर कसंही गेलं तरी चढ तेवढाच, २० मीटर. तो चढ कमीत कमी अंतरात उरकायचा असेल तर सर्वांत जवळचा रस्ता धरावा लागेल, आणि दोन समांतर रेषांमधलं सर्वांत जवळचं अंतर लंबावरच असतं. कमीत कमी अंतरात तेवढाच चढ, म्हणजेच सर्वांत तीव्र चढ.

बाण माथ्याकडे नसतो

आता याच उदाहरणातली दुसरी गोष्ट पाहा, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. (४, १) वरून माथा कोणत्या दिशेला आहे? ४ पश्चिमेला आणि १ दक्षिणेला, म्हणजे जवळपास पश्चिमेलाच. ग्रेडियंट मात्र नैर्ऋत्येला. दोन्हींत ३१ अंशांचा फरक आहे. सरळ माथ्याच्या दिशेने निघालं तर सुरुवातीचा चढ १०० मीटरला ४८.५ मीटरच येतो.

ग्रेडियंटला माथा कुठे आहे हे माहीतच नसतं. तो पायाखालच्या जमिनीपुरतं बोलतो. 'ग्रेडियंट शिखराकडे बोट दाखवतो' असं वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरांत वारंवार येतं. प्रत्येक बिंदूवर ते खरं ठरतं ते फक्त समोच्चरेषा माथ्याभोवतीची वर्तुळं असतील तेव्हाच.

मग प्रत्येक पावलाला ग्रेडियंटचंच ऐकत गेलं तर काय होईल? या टेकडीपुरतं ते नेमकं काढता येतं. वाट निघते य = (क्ष/४)⁴ अशी. क्ष ४ वरून २ वर येईपर्यंत य १ वरून घसरून १/१६ होतो. म्हणजे माथ्यापासून आडवं अंतर अजून २०० मीटर आहे तेव्हाच आपण टेकडीच्या धारेपासून जेमतेम सव्वासहा मीटरवर पोचलेलो असतो. आधी धार गाठायची आणि मग धारेधारेने माथा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

रेल्वेने काय केलं

कोसाइनचं तेच सूत्र उलट बाजूनेही वापरता येतं: डोंगर तीव्र आहे, पण आपल्याला सौम्य चढ हवाय, तर कोणत्या कोनात जावं? घाटरस्त्यांचा आणि नागमोडी पायवाटांचा सगळा हिशेब हाच.

बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिचा सर्वाधिक चढ ३७ ला १ असा आहे: ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, म्हणजे २.७ टक्के. एवढ्या चढालाही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. आपल्या टेकडीसारख्या ५६.६ टक्के उतारावरून असा मार्ग काढायचा झाला तर कोसाइन २.७/५६.६, म्हणजे सुमारे ०.०४८ हवा. कोन येतो ८७ अंशांहून थोडा जास्त. म्हणजे रुळ समोच्चरेषेपासून पुरते तीन अंशही ढळू शकत नाहीत! घाटात गाडी डोंगराच्या कडेकडेने इतकी रेंगाळत का जाते, सोंड आडवी आली की बोगदा आणि घळ आली की पूल का लागतो, हे यावरून कळतं. समोच्चरेषा सोंडेला वळसा घालून पुढे जाते आणि घळीत आत शिरून परत येते. रुळांना तेवढी तीव्र वळणं घेता येत नाहीत.

जिथे बाण नाहीसा होतो

माथ्यावर (०, ०) ला दोन्ही आंशिक अवकलज शून्य होतात. ग्रेडियंट शून्य, बाणाला दिशाच नाही. खोलगट भागाच्या तळाशीही तसंच. पण तिसरीही एक जागा आहे: खिंड. दोन शिखरांच्या मधल्या खिंडीत उभं राहिलं तर शिखरांच्या बाजूंना चढ असतो आणि त्याला आडव्या दिशेने दोन्हीकडे उतार. नेमक्या मधल्या बिंदूवर जमीन क्षणभर सपाट असते. उ = क्ष² − य² हे तिचं सर्वांत साधं रूप. इथे शून्य उंचीची समोच्चरेषा म्हणजे य = क्ष आणि य = −क्ष या दोन एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. ग्रेडियंट शून्य नसेल त्या बिंदूवर असा छेद होऊ शकत नाही, कारण मग एकच बाण दोन वेगवेगळ्या रेषांना लंब असावा लागेल.

नकाशावर वेगवेगळ्या उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर ती गोष्ट वेगळी. तिथे कडा आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे, त्यामुळे त्याच्या कडेला नकाशावरच्या एकाच बिंदूला एकाहून जास्त उंची असू शकते. मग उंची हे क्ष आणि य यांचं फंक्शनच राहत नाही, आणि ग्रेडियंट विचारण्यातही अर्थ उरत नाही.

बाण कुठे काढायचा

एक गोंधळ मात्र नीट सोडवायला हवा. ग्रेडियंटचा बाण डोंगराच्या पृष्ठभागावर काढायचा नसतो आणि हवेत वर रोखलेलाही नसतो. तो नकाशावर, आडव्या कागदावर असतो. त्याला दोनच घटक आहेत, पूर्व आणि उत्तर. 'वर' हा घटक त्यात नाहीच. किती वर जायचं ते त्याच्या लांबीत दडलेलं आहे.

मग 'ग्रेडियंट पृष्ठभागाला लंब असतो' हे वाक्य पुस्तकात येतं ते चुकीचं का? चुकीचं नाही, ते तीन चलांच्या फंक्शनबद्दल आहे. खोलीतल्या प्रत्येक बिंदूचं तापमान घ्या. २५ अंश असलेले सगळे बिंदू मिळून रेषा होत नाही, पृष्ठभाग होतो, आणि तीन घटकांचा ग्रेडियंट त्या पृष्ठभागाला लंब असतो. चलं दोन असतील तर समोच्चरेषेला लंब, तीन असतील तर समपृष्ठाला लंब. कारण तेच, अदिश गुणाकार शून्य.

हवामानाच्या नकाशातही ग्रेडियंट आहे. हवेवरचा रेटा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, समभाररेषांना काटकोनात असतो आणि रेषा दाट असतील तिथे वारा जोराचा असतो. पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो आणि जमिनीपासून उंचावर तो जवळजवळ समभाररेषांना समांतरच वाहतो. ग्रेडियंट रेटा कुठे आहे ते सांगतो. प्रत्यक्ष वाट ठरवणाऱ्या गोष्टी आणखीही असतात.

आणि चलं तीनवर थांबायचं कारण नाही. १८४७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी खगोलशास्त्रातली समीकरणं सोडवण्यासाठी एक रीत सुचवली: ज्या फंक्शनची किमान किंमत हवी आहे त्याचा ग्रेडियंट काढा, त्याच्या उलट दिशेला एक पाऊल टाका, पुन्हा ग्रेडियंट काढा. आजची भाषा-मॉडेल्स आणि चेहरे ओळखणारी सॉफ्टवेअर याच रीतीच्या सुधारलेल्या रूपांवर शिकतात. तिथे 'उंची' म्हणजे मॉडेलची चूक आणि क्ष, य यांच्या जागी कोट्यवधी, कधी अब्जावधी आकडे. तिथे समोच्चरेषा काढून बघता येत नाही, पण लांबट टेकडीची अडचण मात्र तशीच राहते. वर पाहिलेली टेकडी उलटी करून दरी केली तर उताराची दिशा दरीच्या तळाकडे नसते, समोरच्या भिंतीकडे असते. पाऊल मोठं पडलं की पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळायचं, तिथून परत अलीकडे, आणि तळाकडची प्रगती मात्र रडतखडत. म्हणून मागच्या काही पावलांच्या दिशा लक्षात ठेवून नव्या पावलात मिसळतात. भिंतींमधलं इकडून तिकडे जाणं एकमेकांना खोडून काढतं आणि दरीच्या लांबीच्या दिशेची गती साठत जाते.